60 मिलिमीटरचा दांडा

जिममध्ये येणाऱ्यांना दंड हवे असतात, छाती हवी असते. पंजा कुणालाच नको असतो. माझ्याकडे शिकणारा एक मुलगा 180 किलोची डेडलिफ्ट मारायचा, म्हणजे जमिनीवरचा बार उचलून सरळ उभा राहायचा, पण मनगटं पट्ट्यांनी बारला बांधून. पट्टे सोडले की 120 वरच बोटं उघडायची. आमच्याकडे येणाऱ्या निम्म्या पोरांची हीच गत आहे.

कोपऱ्यात माझं एक डंबेल असतं. बडोद्याच्या मकरपुऱ्यातल्या लेथवाल्याकडून करून घेतलंय. दांडा 60 मिलिमीटर, मुद्दाम गुळगुळीत, गोळे पक्के वेल्ड केलेले, वजन 62 किलो. इंग्लंडच्या थॉमस इंच या पहिलवानाचं 172 पौंडांचं, म्हणजे 78 किलोचं असंच डंबेल होतं. भलेभले त्यापुढे हात टेकायचे.

"सर, एवढंसं तर आहे," म्हणत त्याने हात घातला. डंबेल जागचं हललं, एका बाजूने गरकन फिरलं आणि बोटांतून सुटून मॅटवर आदळलं.

मेख त्या फिरण्यात आहे. साधा बार 28 मिलिमीटरचा असतो, त्यावर बोटं गुंडाळून अंगठा वर चढतो नि कुलूप बसतं. इथे अंगठा आणि बोटं भेटतच नाहीत. गोळे फिरू लागले की दांडा बोटांच्या पेरांकडे घरंगळतो आणि अडवायला उरतो एकटा अंगठा. सयाजीबागेच्या संग्रहालयात गामा पहिलवानाने 1902 साली उचलला म्हणून दगड ठेवलाय, तो सगळे कौतुकाने दाखवतात. तो कंबर-मांड्यांचा खेळ. अंगठ्याचं कौतुक कोण करणार?

पट्टे काढून घेतले. 10 किलोच्या दोन प्लेटा, गुळगुळीत बाजू बाहेर, फक्त चिमटीत धरून उभं राहायचं. पुल-अपच्या बारला टॉवेल टाकून लोंबकळायचं. शेवटी बोटांना रबरबँड लावून पंजा उघडायचा. नुसतं मिटत राहिलं की कोपर धरतं. आठवड्यातून दोनदाच, कारण स्नायू सावरले तरी त्यांना हाडांशी जोडणाऱ्या कंडरांना वेळ लागतो. हे पठ्ठ्याला पटेना. घरी चोरून रोज करायचा. डावं कोपर आतून दुखायला लागलं, मग डाव्याचं सगळं बंद.

पावसाळाभर डंबेल उठलं नाही. हात घामाने निसरडे, आणि चॉकला, म्हणजे हात कोरडे ठेवणाऱ्या पांढऱ्या पुडीला, मालकांची बंदी, फरशी पांढरी होते म्हणून. फरशीची एवढी काळजी असेल तर जिमऐवजी शोरूम काढावं.

जानेवारीतल्या एका सकाळी त्याने उजव्या हाताने ते गुडघ्याच्या वर आणलं आणि सरळ उभा राहिला. दांडा तसूभरही फिरला नाही. अंगठ्याच्या मुळाशी गोळा टरारून आला होता. मालकांनी लगेच व्हिडिओ काढला.

मी मात्र अडकलोय. जोर वाढला की हवा कोरडी होती? मी तिथल्या तिथे डावा लावायला सांगितला. डंबेल हललं, फिरलं, सुटलं. हवा तर दोन्ही हातांना तीच. पण डावा आधीपासूनच कच्चा, त्यात दुखरा. तो कसला पुरावा? शिवाय फार कोरडा हातही गुळगुळीत लोखंडावर घसरतो, हे मी स्वतः पाहिलंय.

त्याला म्हटलं, जुलैत पुन्हा उचलून दाखव, चॉक न लावता. तो म्हणाला, "सर, व्हिडिओ आहे ना!" आता त्याला 78 किलोचं डंबेल हवंय. लेथवाल्याला मी अजून फोन केलेला नाही.