अंबड ते भिवंडी: डॉकवरच्या पत्र्याने घात केला

नाशिकच्या अंबडहून भिवंडीत माणकोलीजवळच्या एका गोदामात बत्तीस फुटी कंटेनर खाली करून परवा आलो. दलाल म्हणाला होता, "पॅलेटचा माल आहे, डॉकला लेव्हलर आहे, दोन तासांत गाडी मोकळी." (पॅलेट म्हणजे माल रचायची फळी, डॉक म्हणजे माल उतरवायचा ओटा आणि लेव्हलर म्हणजे ओटा आणि गाडीमधली फट झाकणारी, वर-खाली होणारी पट्टी.) नऊ तास लागले आणि भाच्याच्या पायाला सात टाके पडले. तो माझ्याबरोबर क्लीनर म्हणून असतो. म्हणून लिहितोय.

कसारा घाटाचं सांगत नाही. लोड गाडी कशी उतरवायची ते तुम्हाला माहीत आहे.

आम्हाला मिळालेल्या डॉकचा लेव्हलर बंद. ओटा आणि गाडीच्या मध्ये सुटा लोखंडी पत्रा टाकलेला, ना साखळी ना खुंटी. मी हँडब्रेक लावला होता, तेवढं पुरेल असं वाटलं. पुरत नाही. अडीच टनी फोर्कलिफ्टचं स्वतःचंच वजन साडेतीन टनांच्या पुढे असतं. ती आत शिरली की पाटे, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगा, दबतात, आत ब्रेक मारला की गाडीला पुढे रेटते, बाहेर पडली की पाटे पुन्हा उचलतात. चाकांखाली पावसाचं पाणी होतं. दर फेरीला गाडी बोटभर सरकत होती आणि कोणाच्या लक्षात येत नव्हतं. सुरुवातीला पत्रा गाडीच्या फळीवर वीतभर टेकला होता, अकराव्या पॅलेटला जेमतेम दोन बोटं उरली. फोर्कलिफ्ट ओट्यावर उतरली तसं पत्र्याचं पुढचं टोक फटीत गेलं आणि मागचं उसळून भाच्याच्या नडगीवर बसलं. तो ओट्यावर पॅलेट मोजत उभा होता, पायात चप्पल.

स्वतःचे दोन लाकडी ठोकळे गाडीत ठेवाच. मागच्या चाकांना पुढच्या बाजूने लावा, कारण गाडी डॉकपासून पुढे सरकते. आणि गाडी लावण्याआधी लेव्हलर वर-खाली करून दाखवायला सांगा. सुटा पत्रा असेल तर दुसरा डॉक मागा, नाही मिळाला तर रांगेत थांबा. माल उतरत असताना मध्येच डॉक बदलण्यापेक्षा ते बरं.

किल्ली डॉकवाल्याकडे द्या आणि केबिनमधून उतरा. "झालं, घ्या पुढे" असं कोणी ओरडलं आणि आत फोर्कलिफ्ट असताना गाडी हलली, तर तिचा चालक चार फुटांवरून खाली येतो. गाडी मागे घेताना क्लीनर आरशात दिसला पाहिजे. दिसेनासा झाला की ब्रेक. बंपर आणि ओट्याच्या मध्ये त्याला कधीच उभं करू नका. कंटेनरचं एकच दार उघडा, तेही दाराच्या आडोशाला राहून. वाटेत माल दाराकडे कललेला असू शकतो. ओट्यावरून उडी नको. मीही उड्याच मारायचो, गुडघा आता सांगतो.

भाच्याला दवाखान्यात नेत होतो आणि हमालांचा मुकादम वाराईचे, म्हणजे माल उतरवण्याच्या हमालीचे, १८०० रुपये मागत मागे आला. एका पेटीला हमालाचा हात लागला नव्हता. हमालांसाठीचा माथाडी कायदा १९६९ चा आहे, हमालांची मजुरी त्यांना कामाला लावणाऱ्या मालकाने माथाडी मंडळात भरायची असते. ड्रायव्हरच्या खिशातून वाराई काढणं ही सरळ लूट आहे. "ज्याचा माल त्याचा हमाल" हे निघण्याआधी बिल्टीवर, म्हणजे मालाच्या पावतीवर, लिहून घ्या. मी घेतलं नव्हतं, १२०० देऊन सुटलो.

भाच्याला पंधरा दिवस गाडीवर नेणार नाही. त्या गोदामाचा लोड पुन्हा आला तर लेव्हलर चालू असल्याचा व्हिडिओ आधी मागवीन, तो आला नाही तर भाडं कितीही असो, गाडी लावणार नाही.