पंचचं भांडं आणि बाईंचा थर्मामीटर

शाळेच्या महोत्सवानिमित्त शाळेबद्दल लिहायचं म्हटलं की कायकाय आठवतं, पण मी लिहिणार ते आमच्या निरोप समारंभाच्या सॉर्बे पंचबद्दलच (पंच म्हणजे रस आणि सोडा मोठ्या भांड्यात एकत्र करून केलेलं पेय, आमच्यात वर सॉर्बेचे, म्हणजे गोठवलेल्या रसाचे, गोळे), कारण अप्रकट उष्मा, म्हणजे तापमान न वाढता बर्फ वितळताना शोषून घेतो ती उष्णता, मला त्या भांड्यात कळला, त्याआधी वर्षभर नुसता पाठ होता.

आम्ही ४० जण. प्यायचं काम आमच्या चौघींकडे आणि विज्ञानाच्या बाई देखरेखीला. बाई म्हणाल्या आइस्क्रीम नको, आंबट रसात दूध फाटतं, सॉर्बे घ्या, त्यात फळांचा रस, साखर, पाणी एवढंच. (मराठीच्या सरांनी जाता जाता सांगितलं की सॉर्बे आणि सरबत एकाच अरबी धातूवरून आलेत, पिणे या अर्थाच्या. मला ते फार आवडलं होतं.) माप फळ्यावर मांडलं, १ लिटर सॉर्बे, १ लिटर अननसाचा रस, २ लिटर सोडा, म्हणजे २०० मिलीचे २० ग्लास, आपल्याला डबल. आणि ट्रायलसाठी एका मापाचं सामान जास्तीचं आणायला लावलं. का ते तेव्हा कळलं नाही.

सकाळी ट्रायल केली. मी गोळे आधी टाकले आणि वरून बाटली उलटी करून भसाभसा सोडा ओतला, तोही कपाटातला, गार न केलेला. सोडा गरम असला की गॅस धरून ठेवत नाही आणि सॉर्बेच्या खरखरीत अंगावर बुडबुडे पटापट धरतात, त्यामुळे फेस जो उसळला तो काठावरून टेबलावर, टेबलावरून जमिनीवर. थोड्या वेळात गोळे गायब, वर गुलाबी फेसाचा थर, खाली पाणचट काहीतरी. मला रडूच आलं.

बाई रागावल्या नाहीत. लॅबमधून थर्मामीटर आणला, आधी बाटलीत उरलेल्या सोड्यात धरला, मग भांड्यात. सोडा २८ अंश, पंच ८. "आता सांग गं, तुझे गोळे कुठे गेले?" फळ्यावर मांडायला लावलं, १ ग्रॅम १ अंश उतरला की १ कॅलरी, २००० ग्रॅम सोडा २० अंश उतरला म्हणजे ४०,००० कॅलरी, आणि १ ग्रॅम बर्फ वितळताना ८० कॅलरी घेतो, भागा. ५०० ग्रॅम! गोळ्यांतला अर्धा किलो बर्फ नुसता सोडा गार करण्यात गेला. खडू हातात धरून मी त्या आकड्याकडे बघतच राहिले.

समारंभ संध्याकाळी होता. रस, सोडा, भांडंसुद्धा स्टाफरूमच्या फ्रीजमध्ये गेलं, गोळे आधीच काढून ट्रेवर मांडून परत फ्रीजरला, कडक होईपर्यंत. गार झालं की गोडी कमी लागते म्हणून चवही गार रसाचीच घेतली. मुलं दारात आल्यावर आधी रस, मग भांडं तिरकं धरून कडेकडेने सोडा, आणि गोळे सगळ्यात शेवटी, चमच्याने हळूच सोडलेले. ते तरंगत राहिले, प्रत्येकाच्या भोवती पांढऱ्या फेसाची बारीक झालर, आणि शेवटच्या ग्लासातही अर्धा गोळा शाबूत होता.

आता मी कुठेही पंच केला तरी असाच करते, फक्त बर्फ लागलाच तर त्याच रसाची एक मोठी लादी गोठवते, तुकड्यांपेक्षा ती खूप सावकाश वितळते आणि पंच पातळ होत नाही.

महोत्सवाच्या मेळाव्याला पंच मीच करणार आहे, मी आधीच सांगून ठेवलंय. बाई येणार आहेत. सोडा आदल्या रात्रीच फ्रीजमध्ये ठेवेन.