ब्लूग्रास ऐकायचं तर मुक्कामाला राहावं

ब्लूग्रास म्हणजे अमेरिकेतलं तंतुवाद्यांवरचं लोकसंगीत, आणि त्याची खरी मैफल फेस्टिव्हलच्या स्टेजवरचा कार्यक्रम आटोपला की भरते. तंबू, ट्रेलर आणि मोटरहोम यांच्या मधल्या मोकळ्या जागेत चार-पाच जण घडीच्या खुर्च्या मांडतात. कुणी फिडल (म्हणजे व्हायोलिनच) काढतं, कुणी बँजो सुरात लावतं (वरातीतला नव्हे, पाच तारांचा). मग मध्यरात्र उलटली तरी कुणी उठायचं नाव घेत नाही. हॉटेलात उतरलेला रसिक तोवर गाडी काढून निघून गेलेला असतो. आम्ही बरीच वर्षं असेच निघून जात होतो. निवृत्तीनंतर मोटरहोम घ्यायचं ठरलं ते याच एका कारणासाठी. देश बघायचा वगैरे नंतर.

आमचं मोटरहोम २४ फुटी आहे, क्लास सी, म्हणजे व्हॅनच्या चासीवर बांधलेलं आणि ड्रायव्हरच्या डोक्यावर पलंग असलेलं. गॅलनला नऊ-दहा मैल देतं, त्यामुळे पेट्रोलचा खर्च भरपूर. पण रात्री बिछान्यात पडल्या पडल्या दोन गाड्यांपलीकडचं डबल बास ऐकू येतं, त्याची किंमत मी पैशात करत नाही.

या उन्हाळ्यात ओहायोहून निघालो आणि पहिला मुक्काम केला केंटकीतल्या लुईव्हिलला, माझ्या कॉलेजातल्या मैत्रिणीच्या दारात. दारात म्हणजे खरोखरच ड्राइव्हवेवर. "अगं, वरची खोली अख्खी रिकामी आहे, गाडीत कसल्या झोपताय?" असं ती म्हणत राहिली. तिच्या नवऱ्याने मात्र मुकाट्याने गॅरेजमधून जाड एक्स्टेन्शन कॉर्ड ओढून दिली. घरच्या १५ अँपियरच्या प्लगवर फ्रिज चालतो, बॅटऱ्या चार्ज होतात. छतावरचा एसी तेवढा लावायचा नाही. चाकांखाली ठोकळे सरकवून गाडी सपाट केली की झालं घर तयार.

एरवी कुणाकडे राहायला गेलं की आपण सतत पाहुणे असतो. यजमानीण आपल्यासाठी लवकर उठते, आपण तिच्यासाठी उशिरापर्यंत जागतो. इथे दुसऱ्या दिवशी सकाळी मैत्रीणच गाऊन सावरत आमच्या पायरीवर आली आणि मी तिला आत बसवून चहा दिला. त्या एवढ्याशा टेबलाशी आम्ही जेवणवेळ होईपर्यंत बोललो. तिच्या आईचं जाणं, मुलाचं लग्न, तिची गुडघ्याची शस्त्रक्रिया, हे सगळं फोनवर तुकड्या-तुकड्यांत ऐकलेलं होतं, ते सलग ऐकायला मिळालं. "तुझ्या घरी बरं वाटतंय गं, इथे मला कुणी काही मागत नाही," ती म्हणाली.

शुक्रवारी तिला आणि तिच्या नवऱ्याला मागे बसवून रोझीनला नेलं. नैर्ऋत्येला दोनेक तासांवरचं हे अगदी लहान गाव. गावाजवळच्या जेरुसलेम रिजवर, म्हणजे एका डोंगरधारेवर, ब्लूग्रासचे जनक मानले जाणारे बिल मन्रो वाढले. जन्म १३ सप्टेंबर १९११ चा, आठ भावंडांत शेंडेफळ. थोरल्या भावांनी फिडल आणि गिटार आधीच घेतलेलं, म्हणून याच्या वाट्याला मॅंडोलिन आलं. तेही आवाज फार नको म्हणून आठांतल्या चार तारा काढून वाजवायला सांगितलेलं. आईवडील लवकर गेल्यावर हा मुलगा पेन नावाच्या मामाकडे राहिला. मामा नाचांना फिडल वाजवायचा, भाचा साथीला. त्याच भागात अर्नोल्ड शुल्ट्झ नावाचा एक कृष्णवर्णीय वादक होता, खाणीत काम करणारा, गिटार आणि फिडल दोन्हींत तयार. मन्रोंच्या वादनात जे ब्लूज आहे, त्याचं श्रेय ते स्वतः शुल्ट्झला देत. शुल्ट्झचं एकही ध्वनिमुद्रण नाही. बँजोसुद्धा आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या माणसांच्याच वाद्यांतून घडला. डोंगरातल्या गोऱ्या शेतकऱ्यांचं संगीत अशी ब्लूग्रासची ओळख करून देतात, ती मला म्हणूनच अपुरी वाटते.

मन्रोंचं जुनं घर डागडुजी करून जपलंय. तिथल्या ओसरीवर मी बराच वेळ उभी होते. संध्याकाळी गावातल्या बार्नमध्ये जॅमबोरी, म्हणजे गाण्या-वाजवण्याची मैफल, झाली. माझी मैत्रीण शास्त्रीय संगीत ऐकणारी, पण पहिल्या बँजोच्या तुकड्यालाच तिने माझा हात धरला. बँजोचे ते धावते, कुठेही न अडखळणारे सूर म्हणजे अर्ल स्क्रग्जची देणगी. अंगठा आणि दोन बोटांनी वाजवायची ही पद्धत त्यांनी डिसेंबर १९४५ मध्ये मन्रोंच्या 'ब्लू ग्रास बॉइज' या बँडमध्ये आणली आणि या संगीताचा आजचा चेहरा तयार झाला.

तिथून पूर्वेला ब्रिस्टलपर्यंतचा रस्ता लांब आहे. त्याबद्दल सांगण्यासारखं विशेष नाही. टाक्या रिकाम्या केल्या, पाणी भरलं, झोपलो, चाललो. ब्रिस्टलच्या स्टेट स्ट्रीटच्या मधोमध व्हर्जिनिया आणि टेनेसीची सीमा जाते. याच गावात १९२७ च्या उन्हाळ्यात रेकॉर्ड कंपनीच्या राल्फ पीअरने ध्वनिमुद्रणाची यंत्रं मांडली होती आणि ए. पी., सारा आणि मेबेल कार्टर डोंगरातून येऊन गाऊन गेले. त्यांच्या गावाकडे, हिल्टन्सजवळ, कार्टर फॅमिली फोल्डमध्ये अजून दर शनिवारी रात्री कार्यक्रम होतो. दारू नाही आणि विजेवरची वाद्यंही नाहीत. मेबेलचा जावई असलेल्या गायक जॉनी कॅशला तेवढी विजेच्या वाद्यांची सवलत होती; जुलै २००३ मध्ये, जाण्याआधी दोनच महिने, तो इथेच शेवटचा गायला. स्टेजपुढे नाचायला लाकडी जमीन आहे. टाचांना पत्रे ठोकलेले बूट घालून आजी आणि नात एकाच तालावर नाचत होत्या, तेव्हा माझा नवराही उठला. तो कधी नाचत नाही.

पुढे व्हर्जिनियातल्या गॅलॅक्सजवळ ब्लू रिज पार्कवे या डोंगरातल्या रस्त्याला लागलो. ४६९ मैलांचा हा रस्ता, वेगमर्यादा जास्तीत जास्त ४५ मैल, ट्रक नाहीत. मोटरहोमला याहून सुखाचा रस्ता नसेल. मैल २१३ वरच्या ब्लू रिज म्युझिक सेंटरमध्ये दुपारी स्थानिक वादक विनामूल्य वाजवतात. डबा खात तासभर ऐकलं आणि फ्लॉइडकडे निघालो.

फ्लॉइडला राहतात नवऱ्याच्या पहिल्या नोकरीतले साहेब. आम्ही त्यांना अजून साहेबच म्हणतो, त्यांनाही ते आवडतं. आम्ही या देशात नवे होतो, कुणी ओळखीचं नव्हतं, तेव्हा या माणसाने आम्हाला त्याच्या स्टेशन वॅगनमध्ये घालून एका ब्लूग्रास फेस्टिव्हलला नेलं होतं. आता ऐंशीच्या पुढे आहेत. संधिवाताने बोटं वाकली आहेत, तरी बँजो रोज हातात घेतात. त्यांच्या गोठ्यामागच्या गवतावर गाडी लावली. संध्याकाळी अंगणात गोलात बसलो. शेजारचे दोघे गिटार आणि बास घेऊन आले आणि साहेबांनी मला मॅंडोलिन काढायला लावलं.

या गोलाचे नियम कुठे लिहिलेले नसतात, पण सगळे पाळतात. ज्याने गाणं सुचवलं तो पट्टी सांगतो आणि सुरुवात करतो. ज्याच्याकडे बघून मान हलवेल त्याने एक फेर एकट्याने वाजवायचा. नको असेल तर नकाराची मान हलवून पुढच्याला द्यायचा, कुणी वाईट वाटून घेत नाही. दुसरा गात असताना आपला आवाज खाली. कुणी पाय उचलला की हा शेवटचा फेर. ढोल-ताशातलं काहीच नाही. बास पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेवर, मॅंडोलिनचा चॉप, म्हणजे तारा छेडून लगेच दाबलेला तुटक आघात, दुसऱ्या आणि चौथ्यावर. भजनात टाळ जे सांभाळतो तेच इथे चॉप सांभाळतो. जी कॉर्डचा चॉप धरायला चारही बोटं ताणावी लागतात, करंगळी अगदी रडकुंडीला येते. पण तो बसला की पाच माणसांचं वाजवणं एका श्वासाचं होतं, आणि त्या संध्याकाळी तो बसला. साहेबांनी माझ्याकडे बघून मान हलवली. मी फेर घेतला. सोपाच, मूळ चाल तेवढी. "आता पुन्हा, त्याहून सावकाश," ते म्हणाले, आणि सगळ्यांनी माझ्यासाठी लय उतरवली.

शुक्रवारी फ्लॉइड कंट्री स्टोअरला गेलो. आधी गॉस्पेल, म्हणजे ख्रिस्ती भक्तिगीतं, मग नाच. आत जागा नव्हती म्हणून आम्ही फुटपाथवर थांबलो, आणि फुटपाथवर दर काही पावलांवर एकेक गोल बसलेला. साहेब खुर्ची टेकवत एकामागून एक गोलापाशी थांबत गेले. प्रत्येक ठिकाणी कुणीतरी सरकून त्यांना जागा दिली.

पुढच्या ऑगस्टला गॅलॅक्सचं ओल्ड फिडलर्स कन्व्हेन्शन गाठायचं ठरलंय. १९३५ पासून चालत आलेली ही स्पर्धा फेल्ट्स पार्कात होते, आणि स्पर्धेइतकीच गर्दी मुक्कामाला आलेल्यांची असते. साहेब आमच्या गाडीतून येणार आहेत. डोक्यावरच्या पलंगावर त्यांना चढवणार नाही. तिथे आम्ही दोघं झोपू, खालचा पलंग त्यांचा. लुईव्हिलची मैत्रीणही तंबू घेऊन येते म्हणते.