वाळूजच्या पेटी कारखान्यातून परदेशी संसारापर्यंत : आमची वाटचाल

छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत 1985 मध्ये बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला आणि त्याच्या आसऱ्याने सुटे भाग बनवणारे अनेक लहान-मोठे कारखाने उभे राहिले. वडिलांचा लाकडी पेट्यांचा धंदा त्याच कारखान्यांच्या कामावर वाढला. यंत्राचा तोल कुठे आहे आणि क्रेनचा पट्टा कुठून जाईल हे पाहून पेटी बांधायची, एवढीच तेव्हा आमची विद्या होती. घरगुती सामानाशी आमचा काडीचाही संबंध नव्हता. पुढे ज्या अभियंत्यांच्या कारखान्यांसाठी आम्ही पेट्या बांधत होतो, त्यांचीच मुले शिकून कॅनडा, अमेरिका, ऑस्ट्रेलिया येथे स्थायिक होऊ लागली आणि यंत्रे पोहोचवता तसा पोरांचा संसारही पोहोचवा, असा आग्रह ओळखीच्या लोकांकडून होऊ लागला, आणि घरसामान परदेशी पाठवण्याचे काम आम्ही हाती घेतले.

पेटीच्या बाबतीत आमची तयारी पक्की होती. निर्यातीच्या पेटीचे कच्चे लाकूड गाभ्यापर्यंत 56 अंश सेल्सिअसला सलग 30 मिनिटे तापवावे लागते आणि त्यावर ओंबीचे चिन्ह असलेला आयएसपीएम 15 चा, म्हणजे लाकडातून कीड पसरू नये यासाठीच्या आंतरराष्ट्रीय नियमाचा, शिक्का लागतो, हे आम्हाला कारखान्यांच्या कामामुळे ठाऊक होते. मात्र यंत्राच्या पेटीत एकच वस्तू असते आणि तिचे बिल तयार असते, तर संसारात शेकडो वस्तू असतात आणि त्यांतील निम्म्यांची किंमत घरातल्या कोणालाच सांगता येत नाही. त्यामुळे आमच्या धंद्याचे मूळ काम पेटी बांधण्याचे न राहता यादी करण्याचे झाले, आणि ते आजही तसेच आहे.

आमच्याकडे खोका भरणारा एक आणि लिहिणारा एक अशी जोडी असते. खोक्याचा क्रमांक, आतील प्रत्येक वस्तू, ती नवी की वापरलेली आणि तिची अंदाजे किंमत हे सर्व खोका चिकटपट्टीने बंद होण्यापूर्वीच कागदावर उतरले पाहिजे, असा आमचा दंडक आहे. ‘स्वयंपाकघरातील सामान’ अशी एका ओळीत बोळवण केली की तिकडच्या सीमाशुल्क अधिकाऱ्याला खोका उघडून पाहण्यावाचून पर्याय राहत नाही, आणि तपासणीचा खर्च सामानाच्या मालकावर पडतो. शिवाय प्रत्येक देशाची अट निराळी. ब्रिटनमध्ये करसवलत हवी असेल तर वस्तू किमान सहा महिने मालकीच्या व वापरातील असाव्या लागतात आणि त्यासाठी आधी अर्ज करावा लागतो. अमेरिकेत वर्षभर वापरलेल्या घरगुती सामानाला शुल्कमाफी आहे. कॅनडात तर पहिल्यांदा उतरताना विमानतळावरच ‘मागून येणाऱ्या सामानाची’ यादी द्यावी लागते. म्हणून कॅनडाला जाणाऱ्या कुटुंबाची यादी आम्ही त्यांच्या विमानाच्या आधी हातात देतो, मग सामान खोक्यांत नंतर भरले तरी चालते.

काय नेऊ नये हे सांगण्यात आमचा सर्वाधिक वेळ जातो. आपला मिक्सर 230 व्होल्टवर चालतो आणि अमेरिका-कॅनडात घरात 120 व्होल्ट असतात, तेव्हा तेथे तो जड ट्रान्सफॉर्मर सोबत घेऊनच चालवावा लागतो. ब्रिटन किंवा ऑस्ट्रेलियाला जाणाऱ्यांना मात्र पिन बदलली की पुरते. जालना बियाण्यांसाठी प्रसिद्ध असल्याने तिकडच्या घरांत परसबागेसाठी बियांच्या पुड्या हमखास निघतात आणि त्या आम्ही परत देतो. ऑस्ट्रेलियाची जैवसुरक्षा तपासणी सर्वांत कडक. केरसुणी, धान्याचे तोरण, चिखल लागलेले बूट यांपैकी काहीही चालत नाही. लातूरच्या एका कुटुंबाला आजीचा पाटा-वरवंटा मेलबर्नला न्यायचा होता, तेव्हा आमच्या माणसाने टाकी लावून पाडलेल्या प्रत्येक खाचेतून तारेच्या ब्रशने जुन्या मसाल्याचा कण न् कण काढला, तो धुऊन दोन दिवस उन्हात ठेवला आणि मगच त्याची स्वतंत्र पेटी बांधली. वजनाचा विचार करता तो नेणे शहाणपणाचे नव्हते, पण तसे त्या घरात सांगणे आम्हाला जमले नाही.

जुन्या वाड्यांतील सामानाची गोष्ट याहून नाजूक असते. पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती अधिनियम, 1972 नुसार शंभर वर्षे किंवा त्याहून जुनी मूर्ती वा कलावस्तू खाजगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही, आणि ऐतिहासिक किंवा साहित्यिक मोल असलेल्या हस्तलिखितासाठी ही मर्यादा 75 वर्षांची आहे. पैठण, अंबाजोगाईकडच्या घरांत पणजोबांच्या देवघरातील पितळी देव आणि मोडी लिपीतील पोथ्या असतातच. वस्तू तितकी जुनी नाही असे वाटले तरी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचा तसा दाखला असल्याखेरीज आम्ही ती पेटीत घालत नाही. यावरून गिऱ्हाइके रुसतात. घरचे देव आपलेच आहेत, त्यात सरकारचा काय संबंध, असे विचारतात. ते चुकीचे विचारतात असे नाही, पण आमचे उत्तर बदलत नाही.

कंटेनर दारी आल्यावरचे पहिले काम आम्ही कोणालाही वगळू देत नाही. रिकाम्या कंटेनरमध्ये एक माणूस आत उभा राहतो, बाहेरून दारे लावून घेतात आणि छताला किंवा कोपऱ्यात कुठे उजेडाचा ठिपका दिसतो का ते तो पाहतो. ठिपका दिसला की कंटेनर परत. सोबत वासही घ्यायचा, कारण आधी रसायन वाहिलेल्या कंटेनरचा दर्प गोधड्यांना लागला तर जाता जात नाही. संभाजीनगरच्या जुन्या भागातील गुलमंडीच्या बोळांत कंटेनर शिरत नसल्याने तिकडचे सामान टेम्पोने गोदामात आणून भरावे लागते. 20 फुटी कंटेनरची आतील जागा सुमारे 33 घनमीटर असते, मात्र पलंग-कपाटांच्या आडव्यातिडव्या आकारांमुळे ती कधीच पूर्ण वापरता येत नाही. न्हावाशेवा बंदरापर्यंतचा प्रवास जून 2025 मध्ये इगतपुरी ते आमणे हा समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा खुला झाल्यापासून सुकर झाला आहे. कसारा घाटातील खोळंबा टळतो.

समुद्रावर मात्र आपले काही चालत नाही. 2023 च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाल्यावर जहाज कंपन्या आफ्रिकेला वळसा घालू लागल्या आणि युरोपकडची वाट आठवड्या-दोन आठवड्यांनी लांबली, त्यामुळे तारखेचे वचन आम्ही कोणाला देत नाही.

दरपत्रकात तिकडच्या बंदराचा हाताळणी खर्च, सीमाशुल्क दलालाची फी आणि घरापर्यंतची वाहतूक आम्ही वेगळ्या ओळींत दाखवतो. या धंद्यात भाडे स्वस्त सांगून बंदरावर सामान अडकले की भलतीच रक्कम मागण्याची खोड अनेकांना आहे, आणि आमचा दर काही वेळा दुप्पट वाटतो तो एवढ्यामुळेच. विम्याबाबतही स्पष्ट बोलतो: गिऱ्हाइकाने स्वतः भरलेल्या खोक्यातील फूटतूट विमा कंपन्या सहसा मान्य करत नाहीत, तेव्हा काचसामान आमच्या हातूनच भरून घ्यावे.

सध्या नांदेड, परभणी, बीडपासूनची कामे आमच्याकडे येतात. लहान सामानाचा अंदाज फोनवरील व्हिडिओ पाहून देता येतो. पूर्ण घर न्यायचे असेल तर आमचा माणूस प्रत्यक्ष येऊन माळ्यावरचे आणि पलंगाखालचेही पाहतो, कारण सांगताना लोक नेमके तेवढेच विसरतात. व्हिसा हाती पडताच, विमानाच्या किमान दोन महिने आधी, निरोप द्यावा.