खान्देशचा तालुकावार पाऊस: तक्ता सरळ करण्याची आखणी

सद्यस्थिती: जून ते सप्टेंबरचे तक्ते जमा झालेत, आलेखांना अजून हात लावलेला नाही. आधी आखणी.

जळगावचे १५, धुळ्याचे ४, नंदुरबारचे ६, एकूण २५ तालुके. मूळ तक्त्यात तालुका ओळीत आणि १ ते ३१ तारखा आडव्या. असा तक्ता वाचायला बरा, पण विश्लेषणाला एका ओळीत एक तालुका, एक तारीख, एक आकडा हवा. पायथनच्या 'पांडाज' लायब्ररीत हे 'मेल्ट'ने होतं, एक्सेलच्या पॉवर क्वेरीत 'अनपिव्हट'ने. चार महिन्यांचे खाने २५ × ३१ × ४ = ३१००. त्यातून ३१ जून आणि ३१ सप्टेंबरचे ५० वगळले की ३०५० ओळी उरल्या पाहिजेत. एकही कमी-जास्त असेल तर पुढे जायचं नाही. बहुतेकदा तळाची 'एकूण' ओळ आत आलेली असते, किंवा जोडलेल्या खान्यांमुळे तालुक्याचं नाव गळालेलं असतं.

सगळ्यात जास्त विचार रिकाम्या खान्याचा. ० म्हणजे पाऊस मोजला आणि नव्हता. रिकामा खाना म्हणजे नोंदच नाही. दोन्ही शून्य धरले तर पावसाचा खंड खोटाच लांबतो, आणि खंड तर इथल्या कापूसवाल्याचा जीवनमरणाचा प्रश्न. '-' या खुणेचा अर्थ तक्त्याखालची टीप पाहून ठरवायचा. टीप नसेल तर 'नोंद नाही'च धरायचं.

काही तक्त्यांत रोजचा नव्हे, आजअखेरचा पाऊस असतो. तिथे आजच्यातून कालचा वजा करायचा. उत्तर ऋण आलं तर आकडा मागाहून दुरुस्त झालाय किंवा टंकताना चुकलाय. शून्य करून दडपू नका, खूण करून ठेवा. मधला दिवस गाळलेला असेल तर वजाबाकीत दोन दिवसांचा पाऊस एकत्र येतो. तो एकूण बेरजेत चालतो, पण पावसाळी दिवस (२.५ मिमी किंवा जास्त) मोजताना चालत नाही.

नावांसाठी वेगळा दोन रकान्यांचा तक्ता: एदलाबाद→मुक्ताईनगर, धडगाव→अक्राणी, सिंदखेडा→शिंदखेडा. त्याआधी नावांमागची मोकळी जागा काढायची, नाहीतर 'रावेर' दोनदा दिसतं. जिल्हा मूळ फाइलमधून उचलायचा नाही, आपल्याच यादीतून लावायचा. नंदुरबार १ जुलै १९९८ ला वेगळा झाला. जुन्या यादीत नवापूर, अक्राणी धुळ्यात आहेत. जुन्या वर्षांना तसंच ठेवलं तर हे जास्त पावसाचे तालुके १९९८ नंतर बाहेर गेल्यावर धुळ्याची सरासरी उगाच घसरलेली दिसते.

तारखेचं एक पथ्य: हवामान खात्याच्या पद्धतीत सकाळी ८:३० ला मागच्या २४ तासांचा पाऊस नोंदतात. १० जुलैच्या दुपारची सर ११ जुलैच्या खान्यात सापडते. धरणाच्या विसर्गाशी जुळवताना हे विसरलं की सगळंच एक दिवस सरकतं. शिवाय हतनूर धरणाचं पाणी मध्य प्रदेश आणि विदर्भातूनही येतं, गिरणा धरणाचं नाशिककडून. ते या २५ तालुक्यांच्या पावसात शोधू नये.

मूळ फाइल 'कच्चा' फोल्डरमध्ये कुलूपबंद. प्रत्येक बदल स्क्रिप्टमधून.

पुढचं काम महसूल मंडळांचं, म्हणजे तालुक्याखालच्या महसुली विभागांचं. एकाच नावाचं मंडळ दोन तालुक्यांत निघू शकतं, म्हणून तिथे ओळख जिल्हा, तालुका आणि मंडळ तिन्ही मिळून ठरवायची.