सिस्टरांना मीटिंगला बोलवा की

"इंटरडिसिप्लिनरी टीम", म्हणजे वेगवेगळ्या विषयांतली माणसं एकत्र, असं लिहिलं की रिसर्च प्रपोजलला वजन येतं हे आता सगळ्यांना कळून चुकलंय. एक डॉक्टर, एक इंजिनियर, एक स्टॅट्सवाली (म्हणजे मी) अशी नावं टाकायची, मग डॉक्टर डेटा मेल करणार, इंजिनियर मॉडेल बनवणार, मी शेवटी पी-व्हॅल्यू हा स्टॅट्सचा आकडा काढून देणार, आणि एकमेकांशी बोलणं काय तर महिन्यातून एकदा झूमवर, तेही अर्ध्यांचे कॅमेरे बंद.

खरं एकत्र काम कसं होतं ते बघायचं तर पल्स ऑक्सिमीटरची गोष्ट बघा. कोविडमध्ये घरोघरी पोचलेला, रक्तातला ऑक्सिजन मोजणारा तो बोटाचा चिमटा. ताकुओ आओयागी हा निहॉन कोडेन कंपनीतला जपानी इंजिनियर, आणि 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला तो ऑक्सिजनच्या मागे नव्हताच मुळी. हृदय किती रक्त पंप करतं ते त्याला मोजायचं होतं, रक्तात डाय, म्हणजे रंग, सोडून कानावर प्रकाश टाकायचा, म्हणजे सारखं रक्त काढायला नको. पण प्रत्येक ठोक्याला सिग्नल हलायचा आणि ग्राफची वाट लागायची. ते हलणं घालवायला त्याने दोन वेव्हलेंग्थचा, म्हणजे दोन वेगळ्या प्रकारचा प्रकाश वापरला, जमलंही, फक्त रक्तातला ऑक्सिजन बदलला की परत गडबड. तेव्हा त्याच्या डोक्यात आलं की अरे, या गडबडीतूनच ऑक्सिजन मोजता येईल! ठोक्याबरोबर हलतं ते धमनीतलं रक्त, त्यामुळे त्वचा, हाडं वगैरे स्थिर गोष्टी हिशोबातून बाहेर. हे 1974 चं.

पुढे 80 च्या दशकात नेलकॉर कंपनीच्या ऑक्सिमीटरने बीप दिला, ऑक्सिजन उतरला की त्याचा सूरही उतरतो. भूल देणाऱ्या डॉक्टरची नजर पेशंटवर असते, स्क्रीनवर नाही, हे ऑपरेशन थिएटरात उभं राहिलेल्या माणसालाच सुचणार.

आता त्वचा हिशोबातून बाहेर म्हटलं ना, ती पूर्ण बाहेर गेलीच नव्हती. काळ्या त्वचेवर ऑक्सिमीटर जास्त आकडा दाखवतो हे 2005 मध्येच रिसर्च पेपरात आलेलं, पण हललं कोण? 2020 मध्ये एमी मोरान-थॉमस या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी यावर लेख लिहिला, तो अमेरिकेतल्या मिशिगन युनिव्हर्सिटीच्या डॉक्टरांनी वाचला आणि आपल्याकडचा डेटा तपासला. मशीन ऑक्सिजन 92 ते 96 टक्के दाखवत असताना प्रत्यक्षात 88 च्या खाली असलेले गोऱ्या पेशंटमध्ये 3.6 टक्के, कृष्णवर्णीयांमध्ये 11.7. डॉक्टर, इंजिनियर, कंपन्या सगळे असताना हा विषय परत उकरून काढला कोणी, तर जिच्या हातात ना स्टेथोस्कोप ना सोल्डरिंग गन.

आमच्याकडे एका प्रोजेक्टमध्ये आयसीयूचा डेटा होता, ऑक्सिजनच्या रीडिंगमध्ये मोठमोठे गॅप. इंजिनियर आणि मी ते कसे भरायचे यावर तावातावाने भांडत होतो. तेवढ्यात एक सीनियर सिस्टर दुसऱ्याच कामाला आत आल्या, स्क्रीन बघून म्हणाल्या, "अहो मॅडम, बीपी पडलं की बोटं थंड पडतात, मग बोटावरचा प्रोब रीडिंगच देत नाही. भरताय काय? पेशंट बिघडलाय हेच सांगतंय ते." झालं, भांडण तिथेच संपलं. सगळेच गॅप तसे नसतात हो, प्रोब निघालेला असतो, पेशंटला स्कॅनला नेलेलं असतं, पण कुठला कशाचा हेही त्यांनीच शिकवलं. गॅप मॉडेलमध्ये वेगळा इनपुट म्हणून गेला.

पेपरात मात्र त्यांचं नाव ऑथर्समध्ये नाही, खाली आभारात. मी बोलले, तर उत्तर आलं की त्यांनी लिखाण केलेलं नाही. अहो, लिहायला सांगितलं होतं का कोणी? ड्राफ्ट तरी पाठवला होता का?

नवीन प्रपोजलमध्ये मी आता दोन गोष्टींवर अडून बसलेय. सिस्टरांच्या वेळेचे पैसे बजेटमध्ये वेगळे दाखवायचे, आणि मीटिंग त्यांच्या ड्युटीच्या वेळेत ठेवायची, नाईट करून आलेल्या बाईला सकाळी 10 ला बसवून ठेवायचं नाही. पहिली मान्य झालीये. दुसरीवर डॉक्टरसाहेबांचं कॅलेंडर आडवं येतंय.