सोलापूरचा हुरडा दुबईला पाठवताना

हुरड्याचा हंगाम आमच्या सोलापूर जिल्ह्यात जेमतेम अडीच महिन्यांचा असतो. डिसेंबरात कणसांत दूध भरते, संक्रांतीला सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा भरते तेव्हा शिवारातल्या हुरडा भाजायच्या आगट्या ऐन भरात असतात, आणि फेब्रुवारीचे ऊन चढू लागले की तोच दाणा टणक ज्वारी होऊन बसतो. मोहोळ तालुक्यात आमची गुळभेंडी ज्वारी असते आणि शेताजवळच एक लहानसे प्रक्रिया केंद्र आहे. दुबईत किराणा दुकान चालवणाऱ्या एका मराठी गृहस्थांनी गेल्या हंगामात 200 किलो गोठवलेला हुरडा मागितला, तेव्हा गोवऱ्यांच्या आगटीवरून उतरलेला दाणा समुद्रापार कसा न्यायचा, याची मला कणभरही माहिती नव्हती.

सुरुवातीची कागदपत्रे मी समजत होते त्यापेक्षा सोपी निघाली. आयात-निर्यात कोड आता पॅनच्याच क्रमांकावर ऑनलाइन मिळतो, एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षेचा परवाना आमच्याकडे होताच, आणि बँकेकडून घेतलेला एडी कोड, म्हणजे परकीय चलनाचा व्यवहार पाहणाऱ्या बँकेचा क्रमांक, कस्टम्सच्या आइसगेट प्रणालीवर नोंदवून झाला. घोळ झाला तो मालाच्या वर्गीकरणावर, म्हणजे कस्टम्सच्या यादीत हुरडा कोणत्या क्रमांकाच्या शीर्षकाखाली बसतो यावर. ज्वारीचे शीर्षक 1007, गोठवलेल्या भाज्यांचे 0710, आणि शिजवून किंवा अन्य प्रकारे तयार केलेल्या धान्याच्या दाण्यांचे 1904. हुरडा धड धान्य नाही आणि धड भाजीही नाही, हे सोलापुरात कुणाला समजावून सांगावे लागत नाही. मुंबईतल्या क्लिअरिंग एजंटला, म्हणजे कस्टम्सचे काम करून देणाऱ्याला, मात्र मी फोनवर अर्धा तास आगटीचे वर्णन ऐकवले. दाणा भाजलेला असल्यामुळे त्यांनी अखेर 1904 खाली शिपिंग बिल, म्हणजे निर्यातीचा कस्टम्स अर्ज, भरले. भारत आणि संयुक्त अरब अमिराती यांच्यातला व्यापार करार 1 मे 2022 पासून लागू आहे, त्यामुळे त्या करारानुसारचे मूळ देशाचे प्रमाणपत्रही सोबत जोडले.

गोठवण्याच्या कामात घाई आणि धीर दोन्ही लागतात. कणीस खुडल्यापासून दाण्यातली साखर कमी होऊ लागते, म्हणून सकाळी खुडलेली कणसे त्याच दिवशी भाजून, चोळून, पाखडून, पूर्ण निववून अर्ध्या किलोच्या पाकिटांत भरायची असतात. त्यानंतर माल उणे 1 ते उणे 5 अंशांच्या टप्प्यातून जितका लवकर पुढे जाईल तितका चांगला, कारण त्या टप्प्यात रेंगाळलेल्या दाण्यात बर्फाचे मोठे स्फटिक तयार होतात, ते पेशी फाडतात, आणि वितळल्यावर हुरड्याचा लगदा होतो. घरच्या डीप फ्रीझरमध्ये केलेला पहिला प्रयोग याच कारणाने गुरांपुढे टाकावा लागला. मग चिंचोळी औद्योगिक वसाहतीतल्या एका शीतगृहात ब्लास्ट फ्रीझरची, म्हणजे गार हवेच्या झोताने झटपट गोठवणाऱ्या यंत्राची, जागा भाड्याने घेतली आणि दाण्याच्या गाभ्याचे तापमान उणे 18 अंशांवर आल्याशिवाय एकही पाकीट खोक्यात घालायचे नाही, असे ठरवले.

होटगी रस्त्यावर विमानतळ असला तरी गोठवलेला माल तिथून परदेशी जात नाही, त्यामुळे सुमारे 400 किलोमीटरवरची मुंबई गाठणे भाग होते. शीतवाहन उणे 18 अंशांवर चालवून तिथवर पोहोचता येते. पुढे विमानात मात्र थंडी खोक्यातच बरोबर न्यावी लागते, आणि त्यासाठी ड्राय आईस लागतो. ड्राय आईस म्हणजे उणे 78.5 अंशांचा घनरूप कार्बन डायऑक्साइड. तो वितळत नाही, थेट वायू होऊन उडतो, आणि एका किलोपासून सुमारे 540 लिटर वायू निघतो. म्हणूनच विमान वाहतुकीत तो नवव्या वर्गातला धोकादायक पदार्थ मानला जातो. खोके हवाबंद करायचे नसते, त्यावर यूएन 1845 हा क्रमांक, वर्गाचे लेबल आणि बर्फाचे निव्वळ वजन लिहावे लागते, आणि तेच वजन एअर वे बिलावर, म्हणजे विमानाने जाणाऱ्या मालाच्या पावतीवर, असावे लागते. एका विमानात एकूण किती ड्राय आईस चालेल यालाही मर्यादा असते, त्यामुळे तो आकडा विमान कंपनीला आधी कळवून मंजूर करून घ्यावा लागतो.

भाड्याचा हिशेबही मला तेव्हाच कळला. विमानाचे भाडे प्रत्यक्ष वजन आणि आकारमानाचे वजन यांपैकी जे जास्त असेल त्यावर लागते. लांबी, रुंदी आणि उंची यांचा सेंटिमीटरमधला गुणाकार करून त्याला 6000 ने भागतात. आमचे थर्माकोलचे खोके 60 बाय 40 बाय 40 होते, म्हणजे 16 किलो. आत 10 किलो हुरडा, 3 किलो ड्राय आईस आणि खोके, पुठ्ठा वगैरे मिळून दीडेक किलो, म्हणजे प्रत्यक्ष वजन साडेचौदा. खोक्यामागे आणखी एक किलो बर्फ घातला तरी भाडे तेवढेच राहणार होते! या शोधाचा मला इतका आनंद झाला की मुंबईत एजंटच्या शीतगृहात खोकी भरताना मी प्रत्येकात 4 किलो ड्राय आईस घातला, उरलेली पोकळी कागदाने भरली आणि लेबलवरही 4 असे स्वच्छ अक्षरात लिहिले. एअर वे बिलावर मात्र 20 खोक्यांचा मिळून 60 किलो हाच आकडा राहिला, कारण तो बदलायला सांगायचे माझ्या ध्यानातच आले नाही.

टर्मिनलवर माल अडला. रात्री साडेअकराला एजंटचा माणूस बाहेर आला आणि म्हणाला, "ताई, कागदावर तीन किलो आणि खोक्यावर चार. ते घेणार नाहीत." कागद दुरुस्त करता येत होता, पण त्या विमानासाठी 80 किलोची मंजुरी आता मिळणार नव्हती. माल परत शीतगृहात गेला, दुसऱ्या दिवशी उडून गेलेल्या बर्फाची भर घातली, पुन्हा वजने केली आणि त्या रात्रीच्या विमानाने माल गेला. मधल्या काळात उघड्या फलाटावर खोकी किती वेळ उभी होती, हे मला आतल्या तापमाननोंदीच्या यंत्रावरून नंतर समजले. विमानातल्या तीन-सव्वातीन तासांत रेघ जवळजवळ आडवी होती. चढ होते ते सगळे जमिनीवरचे, आणि सर्वांत उंच टोक उणे 13 अंशांवर गेले होते.

एका दिवसाच्या उशिरामुळे माल दुबईत शुक्रवारी उतरला. तिथे 2022 पासून सरकारी कार्यालयांना शनिवार-रविवार सुट्टी आणि शुक्रवारी अर्धा दिवस काम असते. ग्राहकाच्या माणसाने धावपळ करून दुपारच्या आत माल सोडवला, नाहीतर तो सोमवारपर्यंत अडकला असता. 11 पाकिटांत दाणे एकमेकांना चिकटून गोळा झाला होता. त्यांचे पैसे कापले गेले आणि त्याबद्दल माझी तक्रार नव्हती.

दुसरी खेप फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात रविवारी निघाली. या वेळी बर्फाचा आकडा सोलापूर सोडण्याआधीच ठरवून एजंट, विमान कंपनी आणि लेबल या तिन्ही ठिकाणी एकच राहील याची मी स्वतः खात्री केली, आणि गाडी टर्मिनलच्या मुदतीच्या फार आधी न नेता शीतगृहातच थांबवली. यंत्रावरचे सर्वांत उंच टोक उणे 16 अंशांवर राहिले. ग्राहकाने पैसे पूर्ण दिले आणि पुढच्या हंगामासाठी हुरड्याबरोबर शेंगांची चटणी मागवली आहे, जिला सुदैवाने बर्फ लागत नाही.